मशीन उपवासाला आहे

प्रत्येक वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक डबा असतो. कुठल्या तरी यंत्रातून निघालेला बोल्ट, एखादा वॉशर, अर्धी झिजलेली किल्ली, सगळं त्यात पडतं. "असू दे, लागेल कधीतरी," असं म्हणून कोणीतरी टाकतं आणि विसरून जातं. तो डबा रिकामा केलेला मी कधी पाहिला नाही. आमच्या वर्कशॉपमधल्या किश्शांचंही तसंच झालंय. भिशीला जमलो की मैत्रिणी म्हणतात, "सुमन, उपडा कर गं तुझा डबा!" मग मी करते. हातात येईल तो किस्सा आधी.

आधी थोडं आमच्याबद्दल सांगते. मी निपाणीची. मॅट्रिक झाले, लग्न करून बंगलोरला आले, बसवनगुडीत संसार मांडला. मुलं मोठी झाल्यावर पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये टेलिफोनवर बसायला लागले. मालक देसाई साहेब, बेळगावकडचे, शांत माणूस. हेड मेकॅनिक बसण्णा, गोकाकचा. त्याला मराठी छान यायचं, पण बोलायचा ते कानडी फोडणी देऊन. आणि हिशेबाला श्रीनिवास, पक्का बंगलोरचा, मराठी समजायचं, बोलायचा हिंदी. हे सगळे मला अक्का म्हणायचे. देसाई साहेब वयाने मोठे, तेही अक्काच म्हणायचे!

आमचं काम लष्कराचे जनरेटर दुरुस्त करायचं. शहराबाहेर एक कॅम्प होता. तिथे चाकांवरचे चार मोठे जनरेटर होते. वीज गेली की त्यांच्यावर कॅम्पचं वायरलेस चालायचं. एखादा बिघडला की फोन यायचा, बसण्णा जायचा, दुरुस्ती व्हायची, बिल जायचं. म्हणजे यंत्र जितकं आजारी, तितकी आमची चूल पेटती. फोन वाजला की देसाई साहेब खुर्चीत सरळ बसायचे आणि म्हणायचे, "घ्या अक्का, लक्ष्मी आली."

मग कॅम्पवर नवे कर्नल साहेब आले. कुठलासा मोठा कोर्स करून आले होते. त्यांनी देसाई साहेबांना बोलावून सांगितलं, "बिघडल्याचे पैसे बंद. यंत्रं तयार राहतील त्याचे पैसे देऊ. एक वर्ष करून बघू. आम्हाला गरज पडली आणि यंत्र सुरू झालं नाही, तर एक फुली. वर्षात तीन फुल्या पडल्या की करार संपला."

त्या काळात बाकीची कामं आमच्या हातून मोठ्या कंपन्यांकडे गेली होती. हे एकच उरलं होतं. देसाई साहेबांनी परत येऊन सगळ्यांना जमवलं आणि म्हणाले, "मी लपवत नाही. तिसरी फुली पडली की शेडला कुलूप लागेल."

*

बसण्णाला हा करार काही केल्या पटेना. "म्हणजे काम नाही केलं की पैसे?"

"तसं नाही बसण्णा. काम पडू नये, असं काम करायचं. त्याचे पैसे."

"अय्यो! मग मी केलं हे दिसणार कसं सार्? इंजिन खोललं, हात काळे झाले, लोक म्हणतात बसण्णानं काम केलं. काही बिघडलंच नाही तर लोक म्हणणार, बसण्णा झोपला होता!"

मी सहज बोलून गेले, "अहो, मग हे आम्हा बायकांच्या कामासारखं झालं. घर नीट चाललं तर कोणी काही म्हणत नाही. आमटीत मीठ कमी पडलं की सगळं घर बोलतं!"

बसण्णा डोकं खाजवत बाहेर गेला. देसाई साहेब खिडकीबाहेर बघत बसले. त्या संध्याकाळी ते लवकर घरी निघाले, आणि गेटसमोर फुलवालीकडे मोगऱ्याचा गजरा घेताना श्रीनिवासने त्यांना पाहिलं!

*

पहिली फुली पडली ती मी डबा खायला गेले होते तेव्हा.

फोन श्रीनिवासने घेतला. पलीकडून कोणी जवान घाईघाईने म्हणाला, "आपका नंबर दो ऑफ रोड है," आणि फोन ठेवला. श्रीनिवास धावत बाहेर आला. "बसण्णा! नंबर दो रोड के नीचे गिर गया!"

झालं. बसण्णाने जाड दोर घेतले, साखळ्या घेतल्या, चेन पुली घेतली, शेजारच्या कारखान्यातली क्रेन भाड्याने घेतली, चार धडधाकट माणसं घेतली. ही वरात कॅम्पच्या गेटवर पोचली. तिथे सुभेदार जाधव होते. हे सुभेदार साताऱ्याचे. कॅम्पवर यंत्रांची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आणि बंगलोरमध्ये मराठी बोलायला मिळतं म्हणून आमच्यावर त्यांचा जीव.

बसण्णाने विचारलं, "कुठल्या खड्ड्यात पडलंय?"

"कोण पडलंय?"

"नंबर दोन!"

सुभेदारांनी त्याला शेडमध्ये नेलं. नंबर दोन आपल्या जागी, चारही चाकांवर, शांत उभा. "अहो, पडलं नाही, आजारी आहे. आमच्या लष्करात बंद पडलेल्या गाडीला ऑफ रोड म्हणतात."

बिघाड छोटाच होता. पण दोर आणले होते, साखळ्या आणल्या होत्या, पान्यांची पेटी पीण्यात राहिली होती! ती आणेपर्यंत दुपार गेली, आणि तेवढ्यात कॅम्पवर वीजही जाऊन आली. कर्नल साहेबांनी पहिली फुली मारली.

बसण्णा परत आला तो चिडलेला. मी समजूत घालायला म्हटलं, "जाऊ दे बसण्णा, एक नवा शब्द तरी कळला."

"कळला की! पण अक्का, गाडी रोडवर नाही म्हणजे आजारी, असंच ना? मग पीण्यातल्या सगळ्या गाड्या आजारी. इथं रोडच कुठाय!"

*

दुसऱ्या फुलीला बसण्णाचा काही दोष नव्हता.

कॅम्पवर कोणी मोठे साहेब पाहणीला येणार होते. पाहणी म्हटली की तिथे रंगकाम निघतं. झाडांचे बुंधे रंगवले, दगड रंगवले, बादल्या रंगवल्या आणि जाता जाता जनरेटरही रंगवले. डिझेलच्या टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं, आत हवा जाण्यासाठी. तेही रंगवलं. छान दोन हात देऊन!

समारंभ सुरू झाला आणि नेमकी वीज गेली. नंबर चारवर माइक जोडला. थोडा वेळ चालला. टाकीत हवा जाईना, म्हणून इंजिनात डिझेल येईना. मोठ्या साहेबांनी हात वर करून "जवानों..." म्हटलं, आणि जनरेटरने मान टाकली.

देसाई साहेब कर्नल साहेबांकडे गेले. "साहेब, रंग तुमच्या लोकांनी दिलाय."

"रंग हमारा है," कर्नल साहेब म्हणाले, "लेकिन मशीन किसकी ज़िम्मेदारी है?"

श्रीनिवास भांडायला तयार होता. देसाई साहेबांनी त्याला अडवलं. "बरोबर आहे त्यांचं. तयार ठेवायचं आपण कबूल केलंय. रंगापासूनसुद्धा आपणच वाचवायला हवं." दुसरी फुली पडली.

आता यंत्रांना रंगाऱ्यांपासून कसं वाचवायचं? जवानांना हुकूम झाला की ते रंगवणारच. बसण्णाने दोन दिवस विचार केला. मग चार पाट्या करून घेतल्या आणि कॅम्पवर जाऊन चारही यंत्रांना अडकवून आला.

पुढच्या पाहणीच्या आधी ब्रश घेऊन जवान आले, पाटी वाचली आणि पुढे गेले. पाटीवर कानडी, हिंदी आणि इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं: 'ओला रंग. हात लावू नका.'

त्या वर्षी तो रंग काही वाळलाच नाही!

*

दोन फुल्यांनंतर आमच्या फोनची तऱ्हाच बदलली. पूर्वी तो वाजला की सगळ्यांना आनंद व्हायचा. आता वाजला की लेथ थांबायचं, हातोडा थांबायचा आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. पुढे पुढे मी रिसीव्हर उचलायच्या आधीच हसून ठेवायला शिकले, म्हणजे त्यांचा जीव निदान तेवढा वेळ तरी भांड्यात राहायचा.

त्यात सुभेदार जाधवांची बोलायची पद्धत सातारी, सावकाश. एकदा म्हणाले, "राम राम ताई. यंत्रं तशी ठीक आहेत, पण..."

माझं हसू गेलं. ते बघून बसण्णाने पान्यांची पेटी उचलली. देसाई साहेब खुर्चीतून उठले.

"पण काय सुभेदार?"

"पण ताई, या गावात सगळे कॉफीच पितात हो. आपल्यासारखा चहा कुठे मिळतो?"

दुसऱ्या दिवशी बसण्णाबरोबर अर्धा किलो चहा पावडर पाठवली. सोबत निरोप दिला, "सुभेदारांना सांग, फोनवर आधी 'पण' म्हणायचं नाही!"

*

आणि एकदा तर मीच सगळ्यांना पळवलं.

माझी वहिनी निपाणीला बाळंत व्हायची होती. तिला पहिली मुलगी होती. दिवस भरले होते, घरून कधी फोन येईल याची मी वाट बघत होते. एके दिवशी फोन वाजला. पलीकडे दादा. एसटीडीचा फोन, मीटर पळतंय म्हणून तो ओरडून बोलत होता. ऐकलं आणि आनंदाने माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

दारात बसण्णा उभा होता. त्याने माझं तोंड पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "अक्का, कितवी?"

"दुसरी!" मी हुंदका देत म्हटलं.

त्याला वाटलं, दुसरी मशीन. मी डोळे पुसून पेढ्यांचं काही तरी बोलायला वळले तर व्हॅन गेटबाहेर! कॅम्पला उलटा फोन लावला, तर लाइन बिझी.

बसण्णा कॅम्पवर पोचला. सुभेदार म्हणाले, "कोणी बोलावलं? नंबर दोन मजेत आहे."

"अक्का रडत होत्या, सार्! मजेत कसं असेल?"

एवढ्या लांब आलाच आहे तर बघून जावं, म्हणून त्याने झाकण उघडलं. डिझेलची नळी एका जागी चिरत आली होती. आज ना उद्या फुटलीच असती, आणि मग तिसरी फुली होती! त्याने तिथेच नळी बदलली.

मग माझा फोन लागला आणि खरा प्रकार सगळ्यांना कळला. सुभेदार पोट धरून हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "ताई, मुलीचा पायगुण चांगला आहे. पाळण्यातनं कॅम्प वाचवला तिनं!"

त्या दिवसापासून बसण्णा फोनची वाट बघायचा बंद झाला. दर आठवड्याला आपणच कॅम्पवर जाऊन यायचा. निघताना मला विचारायचा, "अक्का, घरात कोण बाळंत व्हायचं नाही ना? मग मीच जाऊन येतो!"

*

आयुधपूजेचा किस्सा सांगितला नाही तर बसण्णा रागावेल.

आमच्या पीण्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी यंत्रं धुऊन पुसून, कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून पुजतात. कोहळा फोडतात, चुरमुरे वाटतात. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. त्याचा तो विसाव्याचा दिवस.

बसण्णाने वर्कशॉपची पूजा उरकली आणि व्हॅनमध्ये केळीचे खुंट घालून कॅम्पवर गेला. तिथली चारही यंत्रं तो आता आपलीच समजायचा. पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि तेवढ्यात कर्नल साहेब आले. "बहुत सुंदर. ज़रा एक नंबर चला के दिखाओ."

बसण्णाने हात जोडले. "आज नाही सार्. उद्या."

कर्नल साहेबांचा आवाज चढला. "मतलब मशीन बंद है?"

बसण्णा घाबरला. धावत गार्डरूममध्ये गेला, मला फोन लावला, "अक्का, देसाई साहेबांना द्या, फुली पडते!" असं म्हणाला आणि रिसीव्हर टेबलावर तसाच टाकून परत पळाला. देसाई साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आम्ही दोघं रिसीव्हरला कान लावून ऐकत होतो. लांबून कर्नल साहेबांचा आवाज येत होता. "हाँ या ना? बंद है कि चालू है?"

मग सुभेदार जाधवांचा बूट आपटल्याचा आवाज आला. "साब! मशीन बंद नहीं है, साब! उपवास पर है. आज डीज़ल नहीं लेगी!"

देसाई साहेबांनी डोळे मिटून घेतले होते.

"उपवास कब छूटेगा?"

"कल सुबह, साब!"

"बिजली तो है अभी. ज़रूरत नहीं है. ठीक है, कल."

फुली पडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच बसण्णा कॅम्पवर हजर. चौघांना डिझेल पाजलं आणि चारही एका झटक्यात सुरू झाली. परत आल्यावर म्हणाला, "अक्का, पारणं झालं. सगळे पोटभर जेवले!"

*

आता कराराच्या वर्षाचा शेवटचा दिवस.

कर्नल साहेब पुढच्या कराराचे कागद घेऊन स्वतः आमच्या शेडमध्ये येणार होते. सकाळपासून झाडलोट चालली होती. मी बसवनगुडीच्या परिषेतल्या, म्हणजे आमच्याकडच्या शेंगांच्या जत्रेतल्या, ताज्या भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या. चार वाजता जीप आली. कर्नल साहेब, मागे सुभेदार जाधव. टेबलावर कागद मांडले. कर्नल साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

आणि वीज गेली!

पीण्यात हे रोजचंच. पण आमचं ऑफिस शेडच्या पोटात, खिडकी नावाला. काळाकुट्ट अंधार झाला. देसाई साहेब म्हणाले, "एक मिनिट साहेब, आमचा जनरेटर सुरू करतो." बसण्णा धावला. आमचा स्वतःचा छोटा जनरेटर मागच्या कोपऱ्यात होता. दोरी ओढल्याचा आवाज आला. परत ओढली. परत. मग बसण्णाचं कानडीतलं काहीतरी ऐकू आलं, ते मी सांगत नाही.

कर्नल साहेब टॉर्च घेऊन उठले. मागोमाग आम्ही सगळे. टॉर्चचा झोत आमच्या जनरेटरवर पडला. वर धूळ. बाजूला कोळ्याचं जाळं. आणि गळ्यात आयुधपूजेची झेंडूची माळ, वाळून काळी पडलेली!

दुसऱ्यांची यंत्रं वर्षभर जपण्याच्या नादात याच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं.

माझ्या हातातल्या ताटलीतून एक शेंग खाली पडली. कर्नल साहेबांनी टॉर्च तसाच धरून मागे बघितलं.

"जाधव, ये भी उपवास पर है क्या?"

सुभेदार ताठ उभे राहिले. नजर समोरच्या जाळ्यावर.

बाहेर अंगणात कॅम्पचा नंबर तीन उभा होता. सर्व्हिसिंगला आणला होता, संध्याकाळी परत जायचा होता. कर्नल साहेबांनी टॉर्च विझवून त्याच्याकडे रोखला. "देसाई साहब, वर्ष अजून संपलेलं नाही," ते तोडकंमोडकं मराठी जुळवत म्हणाले. मग हिंदीत, "और अब ज़रूरत पड़ गई है. तीन नंबर चलाइए."

म्हणजे काय, ते प्रत्येकाला कळलं. सुरू झालं नाही तर तिसरी फुली, आणि तीही आमच्याच दारात.

श्रीनिवास देवाचं नाव पुटपुटायला लागला. देसाई साहेब भिंतीला टेकून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, मला बघवेना. बसण्णा सावकाश पुढे गेला. यंत्रावरची 'ओला रंग'ची पाटी काढून काखेत धरली, झाकणाचं भोक बोटाने चाचपलं, एकदा नमस्कार केला आणि बटण दाबलं.

नंबर तीन पहिल्या हाकेला उठला! श्रीनिवासने वायर जोडली आणि ऑफिसात दिवा लागला.

आम्ही आत आलो. कागद मीच पुढे सरकवले. कर्नल साहेब बसले, एक शेंग फोडली आणि करार पहिल्या पानापासून वाचायला लागले. अगदी शांतपणे, एकेका ओळीवर बोट ठेवून. दुसरं पान. तिसरं पान. कागद पुष्कळ होते. बाहेर नंबर तीन धडधडत होता.

शेवटी बसण्णाला राहवेना. त्याने दारातून डोकं आत घातलं.

"सार्, स्वल्प लवकर सही करा. सरकारी डिझेल जळतंय!"

कर्नल साहेबांनी उरलेली पानं एकदम उलटली आणि सही केली.